दिल्लीसाठी राखलेली कदेल

भारत सरकारवर मनापासून माया करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा थोरला दीर होता. सरकारला घाबरणारी माणसं पुष्कळ असतात, शिव्या घालणारी त्याहून पुष्कळ. पण सरकार म्हणजे आपल्याच घरातलं कोणीतरी वडीलधारं, लांबच्या गावी नोकरीला असलेलं, आज ना उद्या रजा काढून येणारं, असं मानून त्याची वाट बघणारा दुसरा कोणी नसेल. आम्ही त्यांना भावोजी म्हणत असू. गोव्यातल्या कारापुरात आमचं घर रस्त्याला लागून. त्या रस्त्यावरून खाणीचे ट्रक दिवसभर जात, आणि त्यांची लाल धूळ बसावी म्हणून पाणी मारणारा टँकर भावोजी चालवत. "पगार खाणीवालो दिता, काम मात्र मी सरकाराचा करतंय," असं ते सांगत. रस्ता सरकारचा, म्हणून त्यावर पडलेलं पाणीही सरकारचंच, असं त्यांचं गणित. लग्न त्यांनी केलं नाही. सरकारी नोकरी लागली की करू, असं म्हणता म्हणता केस पिकले.

सरकारातही त्यांचं एक खातं लाडकं होतं. गाण्याबजावण्याचं, खेळाचं आणि पर्यटनाचं काम बघणारं एक मोठं खातं दिल्लीत आहे, असं ते म्हणत. ते खरोखर एक होतं की तीन निरनिराळी, हे मला अजून ठाऊक नाही. भावोजींच्या तोंडी ते एकच. "गाणं, खेळ नि भोंवडी. माणसाक आणखी काय व्हया? बाकीची खाती नुसती त्रास देवक काढल्यानी." या खात्याची कारापुरातली शाखा म्हणजे आपण, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी शेतात फुटबॉल सुरू व्हायचा असला की ते आधी टँकर शेतात घालत आणि खेळणाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून सगळं मैदान भिजवून देत. मग दोन्ही बाजूंची माणसं चिखलात घसरून पडत, आणि भावोजी बांधावर उभे राहून "बरो खेळ झालो" म्हणत.

माझं माहेर पेडण्यात, कोरगावला. तिकडे किनारा जवळ, म्हणून गोरे पाहुणे आम्ही लहानपणापासून बघितलेले. कारापुरात कोण येणार? तरी एकदा एक दाढीवाला गोरा वाट चुकून मोटारसायकलीवरून आला आणि आमच्या दारातच त्याचं पेट्रोल संपलं. त्याला हवं होतं पेट्रोल. भावोजींनी त्याला देऊळ दाखवलं, तळी दाखवली, पोफळींचं कुळागर दाखवलं, शेजाऱ्यांची नुकतीच व्यालेली गाय दाखवली, आणि माझ्या हातची फणसाची भाजी पोटभर खायला घातली. तो निघाला तेव्हा दिवस कलला होता आणि पेट्रोल आणायचं राहूनच गेलं होतं. शेवटी मोटारसायकल टँकरला दोरानं बांधून भावोजींनी त्याला साखळी गावापर्यंत ओढत नेला. त्या दिवशी रस्त्यावर पाण्याचा थेंब पडला नाही. सगळं गाव लाल होऊन खोकत बसलं होतं, आणि भावोजी परत आल्यावर म्हणाले, "पाहुणो खूश होवन गेलो. दिल्लीक कळतला."

आमच्या पुढच्या खोलीत, जिथे गणपती बसतो तिथेच, एक हातांची खुर्ची होती. खुर्चीला आमच्याकडे कदेल म्हणतात. सासऱ्यांनी पोर्तुगिजांच्या अमदानीत कुठल्याशा लिलावात घेतलेली, शिसवी लाकडाची, पाठीला वेत विणलेला. तिच्यावर घरातलं कोणी बसायचं नाही. खात्याचा माणूस कधीतरी येणार; आला तर त्याला काय स्टुलावर बसवायचं? सासूबाईंनी एकदा तिच्यावर कोकमाची सोलं वाळत घातली. भावोजींनी ती सुपात काढली आणि ओल्या फडक्यानं कदेल तीन-तीनदा पुसली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या दिल्लीवाल्याच्या ढुंगणाक आंबट लागतला काय रे?"

सरकारशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. देवाशी थोडंफार चालतं, देव समजून घेतो; सरकारला समजायला वेळ लागतो, असं ते म्हणत. शिरगणतीचा माणूस आला तेव्हा सासूबाईंनी आपलं वय असं सांगितलं की थोरला मुलगा त्यांना बाहुल्यांशी खेळण्याच्या वयात झाला असणार. भावोजींनी बाहेर येऊन ते दुरुस्त केलं, आणि न विचारताच कोंबड्या किती, त्यातली खुडूक कुठली, तेही सांगून टाकलं. "माझा वय सरकाराक कित्याक व्हया?" सासूबाई नंतर कडाडल्या. "माझा लगीन लावतला सरकार?" त्यावर भावोजी शांतपणे म्हणाले, "आये, तू सरकारापाशी खोटी पडलंस तर सरकार कोणार विश्वास ठेवतला?"

आता माझ्याशी त्यांचं बोलणं कसं होतं ते सांगते. थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, तिनं त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. हल्ली कोणी पाळत नाही. तेव्हाही पुष्कळांनी सोडली होती. भावोजी पाळत, कारण त्यांच्या लेखी तोही एक कायदाच. मी मुळात अबोल. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे, त्यामुळे मला ती रीत सोयीचीच वाटे. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबत आणि दाराशी बोलत. "दारा, च्या झाली काय?" मी आतून बांगड्या वाजवी. एकदा वाजवल्या तर झाला, दोनदा वाजवल्या तर थांबा. आमटी अळणी झाली तर जेवताना मांजराला म्हणत, "मांजरा, आज बाजारात मीठ गावलां नाय शी दिसता." मला ताप आला तेव्हा दाराला म्हणाले, "दारा, डिचोलीच्या डाक्टराकडे कोणाक जावचा आसल्यार टँकर हांगाच आसा." इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी माझं नाव कधी उच्चारलं नाही. तरी मला वाटे, या घरात माझ्याशी सगळ्यात जास्त कोणी बोलत असेल तर तेच.

आणि त्यांचं खरं सुख म्हणजे घुमट. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं, धाकटं उघडं. उजव्या हातानं थाप द्यायची, डाव्या तळव्यानं उघडं तोंड झाकायचं आणि सोडायचं, की मडकं बोलायला लागतं. चतुर्थीच्या आरतीला घुमट वाजलं नाही तर आमच्याकडे गणपती आल्यासारखा वाटत नाही. आमच्या घुमटाला घोरपडीचं कातडं होतं, सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं मढवलेलं. ते वाजायला लागलं की स्वयंपाकघरात फळीवरची भांडी किणकिणत. "बाबा बोललो," असं भावोजी म्हणत, आणि त्यात थट्टा नसे. कातडं सर्द होऊ नये म्हणून पावसाळाभर ते चुलीच्या वर धुरात टांगलेलं असे. चतुर्थीला ते उतरवून पुसायचं आणि उंबऱ्यावर ठेवायचं काम माझं. मी ठेवी, मागे सरे. मग ते उचलत.

गोवा राज्य झालं त्यानंतरची ही चतुर्थी. भाषेवरून त्याआधी गाव दुभंगलं होतं. आमच्या आरतीत शामेळ हा ढोल बडवणारे आणि कांसाळी, म्हणजे झांजा, वाजवणारे, दोघे सख्खे शेजारी, एक कोकणीवाले आणि एक मराठीवाले, एकमेकांचं तोंड बघत नसत. भावोजी त्यांना सांगत, "भांडण उद्या करा. आज तालात ऱ्हावा." अशात एक दिवस पणजीहून एक कारकून आला. दिल्लीच्या खात्याचे साहेब नव्या राज्यात फिरताहेत, लोककलेची पथकं निवडताहेत. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी घुमट-आरती ऐकायला येतील. पसंत पडली तर पथक दिल्लीला जाईल. भावोजी ऐकत उभे होते, आणि त्यांचे हात नुसते सदऱ्याला पुसले जात होते. ज्याची आयुष्यभर वाट बघितली ते वडीलधारं माणूस अखेर घरी यायला निघालं होतं.

कारकून चहा पिऊन उठला आणि जाता जाता म्हणाला, "घुमटाला कातडं कसलं तुमच्या?"

"घोरपडीचा," भावोजी अभिमानानं म्हणाले.

"मग ते साहेबांपुढे आणू नका. बंदी आहे. दिसलं तर जप्त होईल, वर तुमच्यावर केस."

"पण हां कातडां कायद्याच्या आधीचा. घोरपड मेली तेव्हा कायदो जन्माकसुद्धा येवक नव्हतो."

"तसं कातड्यावर लिहिलेलं नाही ना," कारकून म्हणाला आणि गेला.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय निघेना. साहेबांपुढे घुमट आणलं तर सासऱ्यांची ती एवढीच उरलेली वस्तू जायची, आणि सरकारचा गुन्हेगार म्हणून भावोजींचं नाव लागायचं. नाही आणलं तर वाजवायचं काय? ह्यांनी म्हटलं, "माळ्यावर टाकू." सासूबाई म्हणाल्या, "माडाच्या मुळात पुरून ठेव." भावोजींनी दोघांकडे असं बघितलं की जणू त्यांना कोणी चोरी करायला सांगितली. "मी? सरकारापासून लपवतलंय?" त्यानंतर ते दाराशी बोलेनात, मांजराशी बोलेनात. मी आपली बांगड्या वाजवी, आणि बाहेरून नुसता कप उचलल्याचा आवाज येई.

मग ते डिचोलीला जाऊन कुंभाराकडून नवं मडकं घेऊन आले आणि त्याला बकरीचं कातडं मढवलं. वाजवून बघितलं. पोट भरलेल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तसा आवाज आला. फळीवरचं एक भांडं हललं नाही. भावोजींनी ते बाजूला ठेवलं आणि पुष्कळ दिवसांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. "दारा," ते हळू म्हणाले, "बाबाचा घुमट थंयच ऱ्हवांदी. लपवचा नाय. कोणी विचारल्यान तर खरां सांग. विचारल्यान नाय तर तू लाकूडच." मी बांगड्या वाजवल्या.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून झिमझिम होती. भावोजींनी राखून ठेवलेला पांढरा सदरा घातला होता. राखता राखता तो त्यांना पोटावर तंग झाला होता. पुढच्या खोलीत गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधलेली, गणपतीपुढे समया, आणि एका बाजूला कदेल, रिकामी, चकचकीत. मी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होते, पण माझं लक्ष चुलीच्या वर होतं. कोणी साहेब पाणी मागायला आत आला आणि वर बघितलं तर? मी घुमटावर एक फडकं टाकलं. मग वाटलं, हे लपवणं झालं. फडकं काढलं. परत टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "गो, तां घुमट आसा. न्हाणयेर बसलेली बायल न्हय." मी फडकं काढून ठेवलं.

जीपचा आवाज आला. साहेब मला दाराच्या फटीतून दिसले. मी मोठा जाडजूड माणूस कल्पिला होता. हे किडकिडीत, चष्मा पावसानं धुकटलेला, पायजम्याच्या कडा चिखलानं भरलेल्या. भावोजींनी त्यांना हाताला धरून कदेलीवर बसवलं. ते बसले, वेतावर पाठ टेकली, आणि भावोजींनी डोळे मिटून घेतले. बाकी काहीही होवो, एवढं एक झालं होतं.

ओल्या हवेनं नवं घुमट सैल पडलं होतं. भावोजींनी निखाऱ्यांचं मडकं मागवून घेतलं आणि कातडं शेकायला धरलं. घोरपडीचं कातडं ते असंच शेकत. आरतीचं एक कडवं मनात म्हणायचे, तेवढा वेळ निखाऱ्यावर धरायचे, मग बोटानं टिचकी. हाताला सवय त्याचीच. पण बकरीचं कातडं ते, नाजूक. मला आत केस करपल्याचा वास आला. मी फटीतून बघितलं. ते डोळे मिटून कडवं म्हणत होते, अजून अर्ध्यावरही आले नसावेत. मी बांगड्या वाजवल्या. जोरानं वाजवल्या. त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "दारा, च्या मागीर." मी दोन्ही हात दारावर आपटले. आणि तेवढ्यात ते फाटलं.

आवाज लहानसाच झाला. भावोजी मांडीवरच्या मडक्याकडे बघत राहिले. कारकुनानं घड्याळ बघितलं आणि साहेबांच्या कानाशी लागला. पुढच्या गावी उशीर होत होता. साहेबांनी कदेलीच्या हातांवर तळवे टेकले. ते उठणार होते.

"साब," भावोजी म्हणाले. त्यांचं हिंदी रेडिओवरून शिकलेलं. "दुसरा है. अंदर है. पण वो गुन्हेगार है."

साहेब दचकले. कारकून पांढरा पडला, मग त्यानं खालच्या आवाजात काय ते समजावलं. घोरपड, कातडं, कायदा. साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. शेवटी ते म्हणाले, "जो मैं देखता हूँ, वो मुझे लिखना पड़ता है." त्यांनी कदेलीला पुन्हा पाठ टेकली. "जो नहीं देखता, वो कैसे लिखूँ?"

भावोजींना ते कळायला वेळ लागला. मग ते उठले, आणि माझ्या लग्नापासून त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. मी आत असताना ते स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आले. मला मागे सरायलासुद्धा जागा नव्हती. पाठीशी चूल, समोर ते. त्यांनी मांजराकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काढून दी गे माका."

मी वर हात करून घुमट उतरवलं, पदरानं काजळी पुसली आणि त्यांच्या हातात दिलं. ते चुलीशी जमिनीवर बसले, तंग सदऱ्याची बटणं सोडली, कातडं क्षणभर विस्तवाला दाखवलं. "दार लाव," म्हणाले. मी लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा दार हे नुसतं दार होतं.

आणि त्यांनी थाप दिली. मग बाहेरून शामेळ आली, कांसाळी आल्या, आणि आरतीचा सूर उठला. माणसं तिथे, घुमट इथे, मध्ये लाकूड. फळीवरची भांडी किणकिणली, नेवऱ्यांच्या टोपाचं झाकण नाचायला लागलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नुसतं "बाबा बोललो" म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी आजवर प्रत्येक आरती दाराआडून ऐकली होती. घुमट वाजताना भावोजींचा चेहरा कसा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. एखाद्याला लांबच्या माणसाची हाक ऐकू यावी तसा. फटीतून मी एकदाच बाहेर बघितलं. भारत सरकार आमच्या कदेलीवर बसून एका बंद दाराकडे टक लावून ऐकत होतं.

आरती संपल्यावर साहेब उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. गणपतीला जोडले की दाराला, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच बाजूला होते. नेवऱ्या खाऊन ते गेले. दिल्लीला दुसऱ्याच गावचं पथक गेलं. ह्यांना राग आला, शामेळवाले आणि कांसाळवाले तर त्या रागापायी एकमेकांशी बोलायला लागले. भावोजींना मात्र कणभर वाईट वाटलं नाही. "त्यांणी बरोबर केल्यानी," ते म्हणत. "फाटलेला मडक्या नि बंद दार, इतक्याच त्यांका दिसला. दिसला नाय तां कसा लिवतले? खाता खऱ्या माणसांचा." पोदेर सकाळी पाव घेऊन आला की त्याला उभं करून सांगत, दिल्ली आमच्या घरी बसून ऐकून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर येऊन थांबले. मी आत उभी होते. मला वाटत होतं, आता काहीतरी बदलेल. "दारा," ते म्हणाले, "च्या झाली काय?" मी बांगड्या वाजवल्या. पुढेही शेवटपर्यंत तसंच चाललं. आजारी होऊन पडले तेव्हा मी पेज घेऊन जाई, आणि ते खाटेच्या पायाला म्हणत, "पेज बरी झाली हां." एवढं एकच वाक्य थेट माझ्या वाट्याला आलं, ते चुलीसमोरचं.

भावोजी गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. खाणीचे ट्रक बंद पडले, रस्ता पाणी न मारताच स्वच्छ राहतो. आता सगळीकडे बकरीच्याच कातड्याची घुमटं असतात, आणि शेकायचं कसं तेही लोकांना जमलं आहे. आवाज चांगला येतो. घोरपडीलाही जगू दे, ते बरंच झालं. जुनं घुमट आमच्याकडे चुलीच्या वर तसंच आहे, वाजत नाही. चतुर्थीला मी ते उतरवते, पुसते, उंबऱ्यावर ठेवते आणि सवयीनं मागे सरते. कदेलही पुसून ठेवते. तिच्यावर अजून कोणी बसत नाही. आणि सकाळी चहा झाला की माझा हात आपोआप हलतो, बांगड्या एकदा वाजतात. दार काही बोलत नाही. विचारलं नाही तर ते लाकूडच.